वास नसलेल्या हिन्याबाबत मी मागे घेतलेली तक्रार

भूतखेत, नजर आणि दैवी संकेत यांबाबतची माझी भूमिका आमच्या सोसायटीस मी तीन वेळा लेखी कळविलेली आहे — वाहनतळात टांगलेले लिंबू-मिरची हा सार्वजनिक जागेतील अडथळा आहे, याहून अधिक काही नाही. शासकीय सेवेच्या विधी शाखेत उभी नोकरी केलेला माणूस पुराव्याखेरीज कशासही मान्यता देत नसतो. तरीही पुढील हकीकत मी वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण या वेळी पुरावा माझ्यापाशी आहे... आणि नेमका तोच मला स्वस्थ बसू देत नाही.

स्थळ : रायपूर, शंकर नगर, दुसरा मजला. काळ : गेला हिवाळा, दिवाळी सरून पंधरा दिवस.

माझ्या पत्नीचे, कुसुमचे, माहेर भंडाऱ्याचे. आमच्या घरी कोणत्या ऋतूत कोणते अत्तर, हे तीच ठरवीत असे. वाळा आणि मोगरा उन्हाळ्याचे. थंडी पडली की हिना. चार वर्षांपूर्वी एका तापात तिची घ्राणशक्ती गेली, ती परत आली नाही. डॉक्टर झाले, वाफा झाल्या. दूध करपले तरी धूर दिसेपर्यंत तिला कळेना. अखेर सगळ्या बाटल्या डब्यात भरून तिने माळ्यावर टाकल्या. म्हणाली, "मले काय जी, पानी आन् अत्तर सारकंच!" हसत म्हणाली खरी, परंतु त्यानंतर माझ्या घरात हिवाळा आला असे मला वाटले नाही.

गेल्या हिवाळ्यात ठरविले, अत्तर मी आणीन.

दुकानदाराने ऊद, अंबर, केशर, शमामा असे काय काय माझ्या दोन्ही हातांस कोपरापर्यंत लावले. नाकाने काम करणे थांबविल्यावर तो म्हणाला, "बाबूजी, जाड़े में हिना ही लीजिए। एकदम रजाई है।" मोठ्या बरणीतून त्याने लहान बाटली भरून दिली. घरी येऊन उघडली... वास शून्य. सकाळी पुन्हा हुंगली. शून्य! माझी नात जुई मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. तिने हुंगून निकाल दिला, "आजोबा, ये तो तेल है। सिर में लगा लो।"

मी संतापलो. त्याच दिवशी दुकानदारास सात परिच्छेदांची हिंदी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठविली. चौथ्या परिच्छेदात मुख्य आरोप होता : "उक्त इत्र में बास नहीं है।" आपला मराठी 'वास' हिंदीत जाताना 'व'चा 'ब' होणारच, या हिशेबाने मी तो शब्द योजिला होता. चौथ्या दिवशी उत्तर आले. "आपका प्रशंसा-पत्र मिला। हमारे इत्र में बास नहीं है, यह पढ़कर हृदय गद्गद हुआ। फ्रेम करवा रहे हैं।"

जुई सोफ्यावरून खाली आली. "आजोबा! बास मतलब बदबू!"

आता प्रकरण ग्राहक आयोगाकडे नेणे अपरिहार्य होते. रविवारी सकाळी अकरा वाजता, उन्हात टेबल मांडून, मी बाटली पुरावा म्हणून मोहोरबंद करावयास बसलो. तत्पूर्वी खात्रीसाठी बूच एकदा काढले.

दोन खोल्या पलीकडे कुसुम कणीक मळत होती. तिथून आवाज आला, "काहून जी, हिना आनला अन् सांगतलं बी नाही?"

"तुला कोणी सांगितले?"

"कोन सांगन? वास येऊन राहिला ना!"

कणकेने भरलेले हात तसेच धरून ती दारात येऊन उभी राहिली.

मी विनापरीक्षण काही मानीत नाही. तिच्या डोळ्यांस रुमाल बांधला. कापसाचे तीन बोळे केले : पाणी, खोबरेल आणि हे अत्तर. माझ्या चेहऱ्यावरून तिला सुगावा लागू नये, म्हणून मी खोलीबाहेर गेलो. बोळे जुईने क्रम बदलून हुंगविले. सात वेळा. सातही वेळा बरोबर! मग, आधी सांगून, हिंग नाकाशी धरला. "कुठं हाय हिंग?" कापूर धरला. काही नाही. केवळ ही एक बाटली, जिला जगात अन्य कोणाच्याही लेखी वास नव्हता.

सोमवारी दुकानदार स्वतः आला; नोटिशीचा खरा अर्थ त्यास कोणीतरी समजाविला होता. त्याने जुनी बाटली तीनदा हुंगली आणि बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "गलती हमारी है, बाबूजी। ये वापस दीजिए, नई लीजिए। दुकान की इज्जत का सवाल है।" त्याच बरणीतून भरलेली नवी बाटली उघडताच खोली दरवळली, जुईस शिंका आल्या. कुसुमने हुंगली. "हे तं पानी हाय." आणि जुनी बाटली मुठीत घट्ट धरली.

"भैया, ये नहीं दूँगी।"

"माताजी, इसमें कुछ है ही नहीं!"

"तुमको क्या मालूम क्या है!"

तो माझ्याकडे पाहू लागला. सात परिच्छेदांचा लेखक असलेल्या मला तेथे उभे राहून सांगावे लागले की माल निर्दोष आहे, नोटीस मी मागे घेतो. "लेकिन कारण?" त्याने विचारले. मी लेखी दिले, "शिकायतकर्ता संतुष्ट है।" आयुष्यात प्रथमच हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिले. चहा पिऊन, मान हलवीत तो गेला.

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, स्मृती असेल. स्मृतीस डोळे बांधून बोळे ओळखता येतात काय, या माझ्या पत्रास त्यांचे उत्तर अद्याप नाही.

अत्तर पुरवावे म्हणून मी दर तिसऱ्या दिवशी कानामागे एक थेंब, असा नियम केला. तिला दुसऱ्याच दिवशी कळले.

"लावलं काहून नाही?"

"संपेल ना."

"संपन तं संपन! नुसत्या बाटलीचा वास घेऊन मी काय करू? त्याच्यात तुमचा वास मिसयला का मंग घरात मानूस हाय असं वाटते."

खुलासा मजपाशी नाही, आणि तो मागावा असा कोणताही अधिकारी मला सापडलेला नाही. बाटली निम्म्याहून खाली आली आहे. आज सकाळी मी कानामागे लावले आणि खोलीतून पाऊल बाहेर टाकण्याआधीच स्वयंपाकघरातून आवाज आला :

"या, या... कळलं मले. चहा गाळूनच राहिली."