राघूची भाकरी

जवळा बाजार गावात जखमी पाखरू सापडलं की ते एकाच दारात जायचं. पंख मोडलेली साळुंकी असो, मांजराच्या तोंडातून सुटलेलं कबूतर असो, की बाजारात न खपलेला पारध्याचा पोपट. सगळ्यांचा दवाखाना आणि माहेर म्हणजे अमीरबीची ओसरी. अमीरबी मणियारीण. नवरा वारल्यावर बांगड्यांची पाटी तिनंच डोक्यावर घेतली होती. पाखरू बरं झालं की दारोदार बांगड्या भरता भरता ती त्याच्यासाठी घर शोधायची, मावशी भाचीसाठी स्थळ शोधते तसं. कुणाकडे मांजर आहे, कुणाचं पोरगं खोडकर आहे, सगळं तिला पाठ. चुलीच्या धुरात पिंजरा टांगणाऱ्या घरात तिनं कधी पाखरू दिलं नाही, मग ते घर कितीही मोठं असो.

किसनरावांच्या शकुबाईला राघू तिनंच दिला होता, धड पिसंसुद्धा न फुटलेला. शकुबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं त्याला दुधात कुस्करलेली भाकरी बोटावर घेऊन भरवत वाढवलं. तेव्हापासून राघूला जेवण म्हणजे बोट आणि बोटावरची भाकरी.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं गल्लीतली हिंदू घरं एकेक करून कुलपं लावून वऱ्हाडाकडे निघाली. गाडीत बसायच्या आधी शकुबाई पिंजरा घेऊन अमीरबीकडे आली.

"ह्या उन्हात गाडीत टिकायचा न्हाई ह्यो. माझं लेकरू हाये, सांभाळ."

"तुमी बेफिकीर जा, बाई. येईस्तोवर बराबर सांभाळते," अमीरबी म्हणाली.

आणि इथंच आमच्या शहाण्या अमीरबीची अक्कल चरायला गेली. शकुबाईची सासू सोवळ्याची. त्या घरात बांगड्या भरताना अमीरबीनं बायकांचे हात हातात घेतलेले चालायचे, तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. मुसलमानाघरचं कच्चं घ्यावं, शिजलेलं घेऊ नये, असा रिवाज. तो रिवाज अमीरबीनं पोपटाला लावला. आपल्या तव्यावरची भाकरी खाल्लेला राघू म्हातारी परत घरात घेणार नाही आणि शकुबाईचं लेकरू जाईल, हे भय तिच्या डोक्यात बसलं. म्हणून ती त्याला भिजवलेली डाळ द्यायची, कैरीची फोड द्यायची, हिरवी मिरची द्यायची. पाणी ओढ्याचं, कारण वाहत्या पाण्याला विटाळ नाही.

राघूनं आधी डाळ कुरतडली, मग तीही टाकून दिली. पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसायला लागला. अमीरबी हात फिरवायची तेव्हा छातीचं हाड बोटांना लागायचं. भाकरी थापताना ती पिंजऱ्याकडे पाठ करून बसायची.

शेजारचा पिंजारी खाजा मिया एकदा ओसरीवर आला. "त्यायचा पोपट काहून ठेवून राहिली? लोक तुजं नाव घेऊन राहिले. सोडून दे की."

"पिंजऱ्यात वाढलेला हाये, मिया. रानातले पोपटच टोचून मारतीन त्याला."

"मग इथं मरून राहिला ते बरं हाये का?"

अमीरबीनं कैरीची नवी फोड पिंजऱ्यात सरकवली. पुढं एका सकाळी राघू दांडीवरून खाली पडलेला दिसला. मान हलत होती, एवढंच. अमीरबीनं तव्यावरची भाकरी ओढली, दुधात कुस्करली आणि बोट त्याच्या चोचीशी धरलं. त्यानं डोळा उघडला. मग एक कण घेतला, मग दुसरा. अमीरबी रडायला लागली. पोपट जगला म्हणून रडली, आणि आता शकुबाईला काय सांगायचं म्हणूनही रडली.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. वऱ्हाडात गेलेली घरं परतू लागली आणि आता कड्या लावून बसायची पाळी गल्लीतल्या मुसलमानांवर आली. आजूबाजूच्या गावांतून नको त्या बातम्या येत होत्या. वसमतहून तिचा भाऊ नासेर यानं गाडीच धाडली, ताबडतोब निघून ये म्हणून. तिनं गाठोडी गाडीत चढवली, पण पिंजऱ्याशी तिचं पाऊल अडलं. ज्याचं लेकरू त्याच्या हाती दिल्याशिवाय कसं जायचं? गाडीवान कुरकुरत होता आणि रस्त्यावर पावलं वाजली की ती दाराची कडी चाचपत होती.

अशात संध्याकाळी दार वाजलं. 

"अमीरबी, मी हाय. शकुबाई."

दार उघडलं तरी अमीरबीची मान वर होईना. "बाई, मी त्याला माझ्या तव्यावरची भाकरी घातली. मरून राहिला व्हता. आता दुसरं काई खातच न्हाई. तुमच्या घरात चालत न्हाई, मला ठाऊक हाये."

शकुबाई बाहेरच्या गाडीकडे बघत होती. "तू कुठं निघाली?"

"वसमतला. इथं भ्या वाटते."

"मंग ह्याला भाकरी कोन घालीन?"

 शकुबाईनं राघूला बोटावर घेतलं. हाडं हाताला लागली तसे तिचे डोळे भरले.

"ह्याला आता नेते. ह्याची भाकर न्यायला सकाळी येते. रोज येईन. तू करून ठेव."

"लोक काय म्हनतीन?"

"बघू दे लोकायला."

ती पिंजरा घेऊन गेली. अमीरबीला रात्रभर डोळा लागला नाही, आणि गाठोडी गाडीतच राहिली. सकाळी शकुबाई पितळी ताट घेऊन आली. अमीरबीनं त्यात भाकरी ठेवून वर फडकं झाकलं. शकुबाईनं ते काढून तिच्या हातात दिलं आणि उघडं ताट घेऊन भर गल्लीतून चालू लागली. पारावरची माणसं वळून बघायला लागली. वाटेत कुणीतरी विचारलंच, "काय नेऊन राहिल्या, बाई?"

"अमीरबीच्या घरची भाकरी," शकुबाई मोठ्यानं म्हणाली.

सासू दारातच उभी होती. अमीरबी आपल्या दाराच्या फटीतून बघत होती. म्हातारी बराच वेळ ताटाकडे बघत राहिली आणि मग एक पाऊल बाजूला सरकली. शकुबाई ताट घेऊन आत गेली. ज्या घरात अमीरबीच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिथं तिची भाकरी पोचली.

अमीरबीनं कडी काढली आणि गाडीवानाला गाठोडी उतरवायला सांगितली.