पाइप कोण धरील

"तोटीला हात लावू नको!"

शेठ हे ओरडला तेव्हा माझ्या बायकोच्या उजव्या हाताला वितळलेलं शिसं चिकटलेलं होतं. तोटी तिच्यापासून दोन हातांवर. ती तिकडं झेपावली होती. ओरडणं ऐकलं आणि तशीच उभी राहिली. हात हवेत.

एवढं आधी सांगून टाकलं. आता बाकीचं.

शेठची जळगावात जिनिंग होती. मुंबईला साखळीचा संडास बघून आला आणि तसाच माडीवर बांधून घेतला. वर टाकी, साखळी ओढली की पाणी. त्याच टाकीची एक तोटी खाली मागच्या अंगाला. मागच्या भिंतीवरनं बिडाचा पाइप खाली, तिथनं खड्ड्यात. असा संडास तेव्हा गावात मोजक्या घरी. पाहुण्यांना जेवणाआधी दाखवायचा म्हणे.

त्या पाइपाचा खालचा सांधा गळायला लागला. भिंत ओली, वास माजघरापर्यंत. आता त्या वेळची रीत अशी, की चांगल्या पाण्याचा मिस्त्री वेगळा आणि घाण पाण्याचा वेगळा. टाकी, तोटी बसवणारा मिस्त्री वरच्या जातीचा. तो या पाइपाला बोट लावीना. म्हणून महारवाड्यात निरोप आला. मी हे काम भुसावळला रेल्वेच्या बंगल्यांवर शिकलो होतो. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही वर्गाबाहेर बसून.

बायको सोबत यायची. हे एकट्याचं काम नाही. सांध्यात सण, म्हणजे तागाचा दोर, ठासायचा, वरनं शिसं ओतायचं, आणि शिसं थिजेपर्यंत दुसऱ्यानं पाइप सरळ धरून ठेवायचा. हलला की सांधा वाया. तिच्यासारखा पाइप धरणारा माणूस मला रेल्वेतही मिळाला नाही.

आम्ही मागच्या बोळीतनं आत गेलो. पुढचं दार आमचं नव्हतंच. जुनं शिसं खरवडून काढलं, सांधा पुसून कोरडा केला, शिसं शेगडीवर चढवलं. ती नाकाला पदर लावून हळूच म्हणाली, "शेठ रोज तूप खास, पन वास आपलासारखाच शे."

त्या घरात मी हसलो ते तेवढंच.

शेठ ओट्यावर उभा होता. मी हात जोडून सांगितलं, "शेठ, शिसं तापलंय. मी हाक देईपर्यंत वर कुणी जाऊ नका. पाणी आलं तर शिसं उडतं."

"माझ्या घरात मी कधी बसायचं, ते तू सांगणार?"

"तसं नाही, शेठ. सांधा—"

"खाली बघून काम कर."

मी खाली बघून काम केलं. ती उकिडवी बसली, फडकं धरून दोन्ही हातांनी पाइप धरला. जिन्यावर शेठच्या वहाणा वाजल्या. वाटलं, माडीवरच्या बैठकीत चालला. वहाणा सावकाश गेल्या. संडासाची नड असलेला माणूस तसा चढत नाही. मी पळी भरली, ओतायला लागलो, आणि वर साखळी खणाणली.

घाण पाणी आलं. सणातनं सांध्यात शिरलं. शिसं फुटाण्यासारखं उडालं. थोडं माझ्या धोतरावर, बाकी तिच्या हातावर.

तिनं पाइप लगेच सोडला नाही. आधी माझ्याकडं बघितलं. सोडू का, म्हणून. ती नजर काही जात नाही.

"मन्हा हात जयना... पानी..."

शेठ खाली आला, तेव्हाच तोटीचं ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "थांबा जरा. गडी येईल, तो वरून ओतेल." गडी बाजारात गेला होता. खिडकीतनं कुणी बाई म्हणाली, "अगाई, भाजलं तिला!" तांब्या काही बाहेर आला नाही.

आम्ही थांबलो. खरंच थांबलो. तिच्या हाताची कातडी वर येत होती आणि आम्ही गड्याची वाट बघत होतो.

मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. टाकी एकच. तिच्यातलं पाणी त्याच्या घाणीसकट आमच्या अंगावर पडलं, ते चाललं. तेच पाणी तोटीतनं घेतलं तर बाटणार. पाणी कुठं बाटत होतं? आम्ही धुवून निघणं त्याला चालत नव्हतं.

मी तोटी फिरवली. पुरती. तिचा हात धरून धारेखाली घातला.

"बाटवली! सगळी टाकी बाटवली यानं!" पुढची शिवी आईवरची होती. ती लिहीत नाही.

मी म्हणालो, "बाटली तर बाटली. वाहू दे."

शेठ काठी शोधत होता. मला वाटलं ती घाबरून हात काढून घेईल. तिनं नाही काढला. म्हणाली, "आजून थोडं."

मग मी शेगडी पालथी केली, हत्यारं उचलली, सांधा उघडा टाकला. तिला घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडलो.

त्या रात्री वस्तीत सांगितलं. आमच्यातला कुणी त्या पाइपाला हात लावायला गेला नाही. शेठनं भुसावळहून एक जण आणला, त्यानं आधी तोटीचं विचारलं, नाही ऐकलं आणि परत गेला. शेठनं चुना-माती थापली. ती टिकते कुठं. माझं गावातलं काम मात्र त्यानं तोडलं. तिची दोन बोटं जुळून गेली. डाव्या हातानं भाकरी थापायची. एक काठ नेहमी जाड यायचा. मी तोच आधी खायचो.

अशीच वर्षं गेली आणि गेल्या हिवाळ्यात ती तापानं गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडं गेलेल्या माणसासाठी घागर भरतात. तिची पहिली घागर मी भरून ठेवली, वर खरबूज ठेवलं, आणि दारात शेठचा पोरगा. चांगला बाप्या झालेला.

"नाना," म्हणाला. त्यांच्या घरानं मला कधी नाना म्हटलं नव्हतं. "सांधा फार गळतो. वडील आजारी, त्याच भिंतीला खाट आहे. दिवस बदलले, नाना. तोटी तुम्हीच उघडा. कुणी काही बोलणार नाही."

"पाइप कोण धरील?" मी विचारलं.

"आणा ना तुमच्यातलं कुणी."

"आमच्यातलं माणूस गेलं. तू धर."

त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. "विचारून सांगतो," म्हणाला आणि गेला. अजून आलेला नाही.

माझी शेगडी तयार आहे, पळी तयार आहे. मला कुणाचा हात जाळायचा नाही, मी शिसं सांभाळून ओतीन. पण त्या घरातल्या माणसानं खाली उकिडवं बसायचं आणि तो पाइप दोन्ही हातांनी धरायचा. तोटी मला कुणी द्यायला नको, ती मी घेतलीच आहे. त्यांचे हात पाइपाला लागत नाहीत, तोवर गळू दे.