सुनंदावहिनींची माशी

निनादचा फोन आला तेव्हा मी आमच्या शुगर लँड गावातल्या देशी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून एसी गार होण्याची वाट बघत होतो. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. निनाद माझा पुतण्या, न्यू जर्सीत जन्मलेला. मी मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. हे वाक्य मात्र त्याने मराठीत सांगितलं... आजार सगळ्यांना माहीत होता, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. तरी मी गाडी बंद केली, पुन्हा दुकानात गेलो आणि काही घ्यायचं नसताना डाळींसमोर उभा राहिलो.

सुनंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. त्यांना जाऊन आता दीडेक महिना होईल. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात शोकसभा झाली, तीत एकामागून एक वक्त्यांनी त्यांना 'जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञ' म्हटलं. त्यांचं काम खरोखर समजणारी माणसं साऱ्या जगातून गोळा केली तरी एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील. त्या सगळ्यांना वहिनी माहीत होत्या. त्या अर्थाने विधान बरोबर आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. फक्त तो योग्य कारणासाठी असावा म्हणून हे लिहितो आहे.

वहिनी अकोल्याच्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून तिथल्याच एका ज्युनियर कॉलेजात शिकवत. दादाला पिस्कॅटवेत सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि त्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर त्या आल्या. त्या व्हिसावर नवऱ्याबरोबर राहता येतं, गाडी चालवता येते, बर्फही उपसता येतो. पगार तेवढा घेता येत नाही. निनाद शाळेत जायला लागल्यावर एक दिवस त्या सरळ जवळच्या विद्यापीठाच्या कीटकसंग्रहात गेल्या आणि काही काम आहे का म्हणून विचारलं. तिथल्या प्राध्यापकबाई संकोचून म्हणाल्या, काम भरपूर आहे, पण पगार नाही. वहिनींनी मला फोनवर सांगितलं, "भाऊजी, बिनपगारी कामाला इथे व्हॉलंटियर म्हणतात. आपल्याकडे सून म्हणतात. मला अनुभव आहे म्हटलं."

त्यांच्या वाट्याला आल्या बाटल्या. कुठल्याशा जुन्या मोहिमेतल्या लोकांनी कॅमेरूनच्या जंगलात पिवळ्या ताटल्यांत साबणाचं पाणी भरून ठेवलं होतं. पिवळ्या रंगाला भुलून त्यात पडलेले कीटक अल्कोहोलमध्ये घालून अमेरिकेत आणले होते, आणि मग मोहिमांचं जे होतं ते झालं. अहवाल निघाला, फोटो निघाले, बाटल्या कपाटात गेल्या. वहिनींनी त्या एकेक करून बशीत ओतायला आणि निवडायला घेतल्या. तांदूळ निवडावेत तसं, असं लिहायचा मोह होतो, पण ही उपमा त्यांना आवडत नसे. "तांदळात खडा शोधायचा असतो. इथे खडा कुठला आणि तांदूळ कुठला हेच ठाऊक नसतं," त्या म्हणायच्या.

एका नाताळच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनी मला तिथे नेऊन एक नमुना दाखवला. खसखशीच्या दाण्याएवढी काळी गांधीलमाशी, त्रिकोणी कागदाच्या टोकावर गोंदाच्या थेंबाने चिकटवलेली. ही माशी दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आतली अळी ते सगळं खाऊन वाढते आणि ज्याचं अंडं होतं त्याच्याऐवजी हीच माशी होऊन बाहेर पडते. "म्हणजे पाहुणाच घर खाऊन बसतो की," मी म्हणालो. वहिनींनी सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता विचारलं, "तुम्ही किती दिवस राहणार म्हणालात, भाऊजी?"

अकोल्यात माझी आई तेव्हा शेजारणींना सांगत असे, "आमची सून अमेरिकेत माशा मारते." हे वहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी दुरुस्ती पाठवली. "मारलेल्या आयत्या मिळतात, आई. मी फक्त ओळखते."

ओळखता ओळखता एक ओळखू येईना. एका ओळखीच्या प्रजातीसारखीच दिसायची, पण पंखांच्या कडेचे केस भलतेच लांब. वहिनींनी पुस्तकं पालथी घातली, जुने निबंध मागवले, मग बाईंना दाखवली. बाईंनाही ती नवी वाटली. त्या म्हणाल्या, मी वर्णन प्रसिद्ध करते, शेवटी तुझे आभार मानते. वहिनी म्हणाल्या, "आभार नकोत. नाव हवं." मला हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण अमेरिकेत आल्यापासून त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पगार मागता येत नव्हता; नाव मागायला कुठल्याच व्हिसाची आडकाठी नव्हती.

बाई सरळ होत्या. म्हणाल्या, मग वर्णनही तूच लिही, आणि लक्षात ठेव, चूकही तुझ्याच नावावर राहील. या शास्त्रात रीत अशी आहे की प्रजातीच्या नावामागे तिचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं, ते कायमचं. उद्या कुणी दाखवून दिलं की ही जुनीच माशी आहे, तर नवं नाव बाद होतं, पण खोडलं जात नाही. बाद झालेल्या नावांत ते आडनावासकट राहतं, पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला दिसेल असं. वहिनी म्हणाल्या, चालेल.

वर्णन लिहून झालं, चित्रं काढून झाली, निबंध नियतकालिकाकडे गेला आणि बातमी दादाच्या तोंडून मंडळात पोहोचली. मंडळाला सत्कार करायला माणूस नेहमीच कमी पडतो. दिवाळीच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ, मानपत्र असं ठरलं, आणि बॅनरही छापून आलं, 'आफ्रिकेत मराठी झेंडा'. वहिनी आफ्रिकेत कधीही गेल्या नव्हत्या. झेंडा कुणी रोवला ते बॅनर लिहिणाऱ्यालाच ठाऊक. कार्यक्रम तोंडावर आला आणि वहिनींनी निबंध परत मागवून घेतला. सत्कार करू नका, असंही कळवलं. मी त्या वेळी त्यांच्याच घरी होतो. मंडळाचे सेक्रेटरी फोनवर काकुळतीला आले होते. स्पीकर चालू होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"अहो वहिनी, हॉल बुक झालाय, बॅनर आलंय. आता कॅन्सल कसं करायचं?"

"मग शाल बॅनरला घाला," वहिनी म्हणाल्या. "नारळाचं काय करायचं ते तुम्हाला सुचेलच."

झालं असं होतं की त्यांना एक शंका आली होती. ही माशी लहान अंड्यात वाढली तर अंगानेही लहान निपजते, आणि लहान अंगावर पंखाचे केस लांब दिसतात. म्हणजे त्यांना नवी वाटलेली माशी ही कदाचित जुन्याच प्रजातीची, अर्धपोटी वाढलेली मादी असू शकत होती. "घरातलंच पोर आजारपणात वाळलं," त्यांनी मला समजावलं, "तर त्याला शेजारच्यांचं म्हणायचं का?" दादा वैतागला होता. "अगं, एवढीशी ती माशी! कोण बघायला जाणार आहे यार?"

"जो जाईल तो तेवढंच बघायला जाईल," वहिनी म्हणाल्या, आणि पोळ्या लाटायला उठल्या.

मग पुन्हा बाटल्या. त्यात एक हिवाळा गेला आणि दुसरा आला. जुन्या प्रजातीतल्या सगळ्यात बारक्या माद्या आणि नव्या वाटणाऱ्यांतल्या सगळ्यात थोराड माद्या शोधायच्या, शेजारी ठेवायच्या आणि बघत बसायचं. केस तर फसवेच निघाले. अंग लहान-मोठं होईल तसं त्यांचं प्रमाण बदलत होतं. दुसरं काहीतरी हवं होतं, पोट भरलं काय आणि रिकामं राहिलं काय, न बदलणारं. त्या दुसऱ्या हिवाळ्यातच आजाराचं निदान झालं. बाईंनी मायेनेच सुचवलं की आहे तसं पाठवून देऊ, शंका तळटीपेत लिहू, कुणी नावं ठेवणार नाही. वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे वेळ कमी आहे हे माशीला कशाला सांगायचं?" केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये बरं वाटेल त्या दिवशी दादा त्यांना गाडीने सोडायचा. एवढीशी माशी कोण बघणार म्हणणारा दादा बाहेर पार्किंगमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगा करायचा.

आणि एक दिवस त्याचाच फोन आला. "सापडलं रे," तो म्हणाला. मग फोन वहिनींनी घेतला. नव्या माशीच्या पाठीवर, उजेड तिरपा पडला तरच दिसेल अशी, जाळीसारखी बारीक नक्षी होती. जुन्या प्रजातीची पाठ गुळगुळीत. मोठी मादी घ्या, लहान घ्या, अर्धपोटी वाढलेली इवलीशी घ्या... नव्या माशीच्या प्रत्येक मादीच्या पाठीवर जाळी होतीच. "भुकेने अंग लहान होतं, भाऊजी. नक्षी जात नाही," त्या म्हणाल्या. इतका थकलेला आणि इतका खूश आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

निबंध प्रसिद्ध झाला तो त्यांच्या एकटीच्या नावावर. बाईंनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. काम माझं नाही, म्हणाल्या. शेवटी त्यांचे आभार आहेत. माशीचं नाव वहिनींनी जिथे ती पिवळी ताटली ठेवली होती त्या कॅमेरूनमधल्या गावावरून ठेवलं, आणि काही नमुने तिकडच्या संग्रहालयाला परत पाठवायला लावले. स्वतःचं नाव का नाही दिलं, मंडळाचं का नाही, निदान पिस्कॅटवेचं, अशा सगळ्या चौकशा झाल्या. त्या गावाच्या नावामागे आता आमचं आडनाव आहे, लोणारे. माहेरचं का नाही लावलंत, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पासपोर्ट बघून लावलं. माशीला कुठे सासर-माहेर असतं?" आई आता शेजारणींना 'आमच्या नावाची माशी' असल्याचं सांगते. लोणारे घराण्याने या माशीसाठी काडीचंही काम केलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मंडळाने सत्काराचं पुन्हा विचारलं तेव्हा वहिनींना फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून शाल घरी आली. ऊबदार आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

शोकसभा वगैरे सगळं आटोपल्यावर निनाद मला विद्यापीठाच्या कीटकसंग्रहात घेऊन गेला. बाईंनी तो नमुना आणून वहिनींच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी वाकलो, तर दोन वेगवेगळी वर्तुळं दिसली, एकात उजेड आणि दुसऱ्यात अर्धा काळोख. "डोळ्यांच्या नळ्या सरकवाव्या लागतील," बाई म्हणाल्या. "सुनंदाचे डोळे एकमेकांच्या जवळ होते. अजून तिच्याच मापावर आहेत." त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या. पुढच्या आठवड्यात एखादी विद्यार्थिनी तिथे बसेल, आपल्या मापाने त्या सरकवेल, आणि सरकवायलाच हव्यात. सूक्ष्मदर्शक ही देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नव्हे. मी फक्त एक डोळा मिटला. आधी नुसता काळा ठिपका दिसला. मग निनादने बाजूचा दिवा जरा तिरपा केला.

"कॅन यू सी इट, काका?"

जाळी दिसली. बारीक, सलग, पाठीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.