डोळ्यांच्या उंचीवरचं तापमान

थर्मामीटर मी माझ्या डोळ्यांसमोर टांगला. चूक एवढीच. वाकायला नको, चष्मा सावरायला नको, आकडा सरळ दिसावा. शेड मात्र रेशीम अळ्यांची होती आणि निम्म्या अळ्या माझ्या गुडघ्याच्या उंचीला राहत होत्या.

गावाकडच्या आमच्या शेतात धाकट्या भावाची बायको तुतीचा पाला घालून अळ्या वाढवते. ऐन थंडीत तिला चार दिवस माहेरी जावं लागलं. घरात रिकामा माणूस मीच, विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. तिनं बजावलं, "दादा, गारठा बसला की अळ्या मागं पडत्यात. पंचवीसच्या आसपास ऱ्हाऊ द्या. समद्यांनी एकदमच कात टाकली पायजे, न्हायतर ही बॅच हातची जाईल. लई राबलेय ह्या बॅचसाठी." मग खालच्या रॅकवर हाताची उलटी बाजू धरून म्हणाली, "इथं गार लागतंय."

झालं, माझ्यातला मास्तर उठला. तीन वाट्यांत पाणी घेतलं: गरम, गार, कोमट. तिचा एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात, मग दोन्ही कोमटात. तेच पाणी एका हाताला गार, दुसऱ्याला ऊन. "बघ, हात फसवतो. थर्मामीटर फसवत नाही." एस.टी.ची वेळ झाली होती. हात पदराला पुसून ती निघून गेली.

चार दिवस मी शेगडी पेटवली, आकडा पाहिला, वहीत टिपला. सव्वीस, पंचवीस, सव्वीस. वरच्या अळ्या खाणं सोडून, माना वर करून कात टाकायला बसल्या. खालच्या अजून पाला कुरतडतच होत्या. मला वाटलं, खादाड आहेत.

ती आली. मी वही पुढं केली, ती तिनं पाहिलीच नाही. थर्मामीटर सोडला आणि खालच्या रॅकवर ठेवला. आम्ही दोघं बघत उभे. लाल रेषा उतरत उतरत एकोणीसवर थांबली. थर्मामीटरनं फसवलं नव्हतं. तो जिथं होता तिथलंच सांगत होता. तापलेली हवा वर चढते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं.

तिनं शेगडी सरकवली, खालच्या फटींना बारदान लावलं. खालच्या अळ्या दोन दिवस मागं राहिल्या, त्यांचा पाला वेगळा, त्यांची कात टाकायची झोप वेगळी. बॅच वाचली, पण कोष दोनदा काढावे लागले आणि तिची कंबर दोनदा मोडली.

दुसऱ्यांदा कोष काढताना मी न राहवून म्हणालो, "तसे वहीतले आकडे बरोबरच होते हं."

तिनं मान वर केली नाही. "तीस वरसं पोरं नापास केली, दादा. आता आमच्या अळ्या बी करायला निघालाव व्हय?"