उज्जैनचं शून्य

ते यंत्र आमच्या घरी आलं त्या दिवसापासून मला त्याचा राग यायला लागला. शिवणाच्या डब्याएवढी राखाडी पेटी, समोर हिरवट पडदा आणि खाली बटणं. त्याला लोरान म्हणतात, दादा म्हणाला. किनाऱ्यावर उंच मनोरे असतात, ते सतत रेडिओ लहरी सोडतात आणि तीन मनोऱ्यांच्या लहरींपैकी कुठली आधी, कुठली नंतर येते यावरून ही पेटी जहाज कुठे आहे ते सांगते. आमच्या घरापासून समुद्र रात्रभराच्या बसच्या अंतरावर होता, पण गुजरातेतल्या मनोऱ्यांचा आवाज उज्जैनपर्यंत आरामात पोचतो, असं त्याचं म्हणणं.

दादा जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. होता, कारण जहाजांवर उपग्रहाची यंत्रणा आली आणि त्याच्यासारख्या रेडिओवाल्यांना एकेक करून उतरवलं गेलं. बाजारात रोज नव्या कंपनीचा टीव्ही येत होता, सगळे म्हणत होते देश उघडला, आणि आमचा दादा मात्र बत्तिसाव्या वर्षी घरी बसला होता. मग सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका व्यापाऱ्यानं, जो मासेमारीच्या बोटींवर ही यंत्रं बसवून द्यायचा, त्याला एक सेट दिला. घरी नेऊन लाव, सात दिवस सकाळ-संध्याकाळ काय आकडे येतात ते वहीत लिहून आण, मग नोकरीचं बघू. आठव्या दिवशी वही त्याच्यापुढे हवी होती. दुसरा एक उमेदवारही होता.

पहिल्या दिवशी दादानं गच्चीवर बांबू बांधला आणि त्यावर एरियल चढवली. वायर खिडकीतून खाली माझ्या टेबलापर्यंत आणली. सेट बॅटरीवर सुरू झाला. दादा गच्चीवरून ओरडला, "पडदा जागा विचारतोय का? आपली जागा टाकून दे. अंदाजे चालेल, त्यावरून तो मनोरे शोधतो."

आपली जागा म्हणजे अक्षांश-रेखांश. त्यासाठी आमच्या घरात नकाशा कशाला? बाबा होते. बाबा पोस्टातून निवृत्त झाले होते, पण त्यांचं खरं काम पंचांगाचं. नात्यातल्या, ओळखीतल्या सगळ्यांच्या पत्रिका तेच करायचे. मी विचारलं, त्यांनी मान वर न करता सांगितलं, तेवीस अंश अकरा कला, आणि दुसरं शून्य. मी बटणं दाबली आणि दादाला ओरडून सांगितलं की भरलं.

मग वाट बघणं सुरू झालं. पडद्यावर तीन चौकटी होत्या, तीन मनोऱ्यांच्या. त्या लुकलुकत राहिल्या. दहा मिनिटांत स्थिर व्हायला हव्या होत्या, दोन तास झाले तरी लुकलुकत होत्या.

दादाला वाटलं, अर्थिंग कच्चं आहे. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली. त्या खड्ड्यात रोज पाणी ओतायचं. नळाला पाणी दिवसाआड यायचं, आणि मी चार बादल्या भरून ठेवाव्या तर त्यातल्या दोन खड्ड्यात. भांडी घासायला पाणी नाही आणि जमिनीला आंघोळ. मी हे बोलूनही दाखवलं. दादानं ऐकून घेतलं आणि तिसरी बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी त्याला ट्यूबलाइटचा संशय आला. ट्यूब, टीव्ही, पंख्याचा रेग्युलेटर, सगळं बंद. शेजारच्या काकूंना जाऊन सांगून आला की सकाळी तासभर मिक्सर लावू नका. काकूंनी एक दिवस ऐकलं, दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "तुझ्या भाईचं डोकं ठीक आहे ना बेटा?" बाबा खिडकीशी सरकून उजेडात गणितं करत बसले. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. वहीत फक्त तारखा आणि 'सिग्नल नाही'.

तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "छोटी, जागा बरोबर भरली होतीस ना?"

मी भडकलेच. "दादा, मी बी.एस्सी. केलंय. दोन आकडे भरता नाही येणार का मला? तुझा डब्बाच खराब आहे, मान्य कर ना यार."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. हे मला आजही सलतं. त्यानं विचारायला हवं होतं आणि मी उठून बघायला हवं होतं, पण मी फणकाऱ्यानं स्वयंपाकघरात गेले. चौथा दिवस एरियल उतरवून पुन्हा चढवण्यात गेला. फ्रीगंजच्या बाजारात जाऊन त्यानं नवी वायर आणली. संध्याकाळी तो पायरीवर बसला होता, हाताला फोड आले होते, आणि पहिल्यांदा मला भीती वाटली की याला आता नोकरी मिळत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून तो बटणं दाबत बसला. अचानक थांबला.

"छोटी, रेखांश शून्य कोणी टाकलं?"

"बाबांनी सांगितलं."

खिडकीशी बसलेले बाबा म्हणाले, "मग? उज्जैनचं शून्यच असतं. सगळ्यांचं इथून मोजतात."

आमच्या घरात ते खरंच होतं. जुन्या पंचांगाच्या गणितात मधली रेषा उज्जैनमधून जाते. मुंबई इथून इतकी पश्चिमेला, काशी इतकी पूर्वेला. लहानपणापासून मी तेच ऐकत आले होते. जहाजं लंडनजवळच्या रेषेपासून मोजतात हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण घरात ते कधी आलंच नाही. बिचारं यंत्र पाच दिवस आफ्रिकेच्या वाळवंटात बसून तिथले मनोरे शोधत होतं.

दादानं पंचाहत्तर अंश शेहेचाळीस कला टाकलं. आठ मिनिटांत तिन्ही चौकटी स्थिर झाल्या. आकडे आले ते घराला क्षिप्रा नदीच्या दिशेला अर्धा किलोमीटर सरकवून; जमिनीवरून येताना लहर मंदावते, तेवढं चालतं, तो म्हणाला. कोणी आनंदानं ओरडलं नाही. बाबांनी आपली पत्रिकांची वही मिटली आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

उरलेले दिवस वहीत नीट भरले. मी म्हटलं, मागची पानंही भरून टाक, घर काय पळून जातंय, आकडे तेच येणार होते. तो नाही म्हणाला.

नानाखेड्याच्या बस स्टँडवर तो तिकीट काढायला गेला तेव्हा पिशवी माझ्याकडे होती. मी वही उघडली. चार पानांवर 'सिग्नल नाही', आणि पाचव्यावर त्याच्या बारीक अक्षरात: 'कारण, सुरुवातीची जागा चुकीची भरली. चूक माझी.' खाली सही.

तो आल्यावर मी म्हटलं, "हे खोटं आहे. माझं नाव लिही."

"सेट माझ्या ताब्यात होता," तो म्हणाला. "जहाजावर असंच लिहितात." आणि बसमध्ये चढला.

व्यापाऱ्यानं ते पान वाचलं. ज्याला स्वतःचं घर कुठे आहे ते पाच दिवस कळलं नाही, त्याच्या हाती मी बोटी देत नाही, असं म्हणून त्यानं दुसऱ्याला ठेवलं. दादा परत आला आणि फ्रीगंजमध्ये टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. त्यानं मला किंवा बाबांना कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

पुष्कळ वर्षांनी माझी मुलगी भूगोलाची वही घेऊन बाबांकडे गेली आणि उज्जैनचा रेखांश विचारला. हातातली पेन्सिल खाली ठेवून त्यांनी तिला विचारलं, "कुणाच्या शून्यापासून हवाय, बेटा?"

दादा तिथेच चहा पीत बसला होता. तो हसला. मला हसू आलं नाही.