साबणाविना चुडा

आमचं घर मणेरांचं. लग्न होऊन जुन्नरला आले तेव्हापासून मी बायकांच्या हातात बांगड्या भरतेय. काचेची बांगडी अंगठ्याच्या हाडावरून पलीकडे न्यायची, तर आधी हात साबणाने बुळबुळीत करायचा, ही आमच्या कामाची रीत. गिऱ्हाइकाचा हात एकदाच साबणात जातो, माझे मात्र दिवसभर साबणातच.

मागच्या हिवाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग कातडी लाल झाली, भेगा पडल्या. बायका हात पुढे करायच्या आणि माझे हात दिसले की हळूच मागे घ्यायच्या. मला वाटलं, यांना मळ दिसतोय. म्हणून गरम पाण्याने, आणखी साबण लावून हात खसाखसा घासले. नणंद म्हणाली लिंबू चोळ, तेही चोळलं. अशी आग झाली की काही दिवस मी तिच्याशी बोललेच नाही.

शेवटी मंचरला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक्झिमा आहे. कुणाला लागत नाही. पण साबण बंद."

"मग बांगड्या काय फुंकर मारून चढवू?" मी फणकारले.

त्या हसल्या आणि बिनवासाचं घट्ट मलम लिहून दिलं. हात कोमट पाण्याने धुवायचे, पुसताना घासायचं नाही, नुसते टिपायचे, आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. लाली वाढली तर दुसरं मलम, तेही त्या सांगतील तेवढेच दिवस. भांड्यांसाठी रबरी मोजे, आतून सुती. मोजे घालून मोरीत बसले की आमचे मालक म्हणायचे, "चला, मेमसाब कामाला लागल्या." म्हणोत बापडे. त्या मोज्यांनी मला फार सुख दिलं.

मलम लावलेल्या बोटांतून एकदा चहाचा कप निसटला, तेव्हा डोक्यात आलं की याने बांगडीही सरकेल. पहिला प्रयोग नणंदेवरच. मलम इतकं थापलं की बांगडी माझ्याच हातातून सुटून फरशीवर वाढली. पुढे जमलं. हाडांवर नुसता पुसट हात फिरवला की पुरे.

मग शिनोलीहून लग्नाच्या चुड्याचं बोलावणं आलं. हात बरेच निवळले होते, तरी भेगांच्या खुणा होत्या. मला धाकधूक होती. लग्नघरातून परत पाठवलं, तर त्या रस्त्यावरच्या एकाही गावात मला कुणी बोलावलं नसतं.

नवरीसमोर बसले, तशी तिची आत्या पुढे झाली. "भाभी, हाताला काय झालंय? पोरीला लागंल ना."

"नाही लागत, आत्याबाई. डॉक्टरांना विचारलंय. आणि आता मी साबणही वापरत नाही." मी मलमाचा डबा दाखवला.

नवरीने ब्लाउजची लांब बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत तसेच लाल, खरखरीत चट्टे. "मला बी हाय," ती म्हणाली. "साबणाच्या भ्यावानं चुडा नगं म्हनत व्हते. आत्यानं ऐकलं न्हाई."

मी तिचा हात घेतला. चट्टे सोडून फक्त हाडांवर मलम लावलं आणि अंगठा आत दाबून एकेक बांगडी पलीकडे नेली. मोठ्या कामाचा हात होता, भाताच्या खाचरात राबलेला. तरी एकही बांगडी वाढली नाही. ती मला वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा माझे डोळे भरून आले. फार बरं वाटलं मला.

आत्या मघापासून बघत होती. ती नवरीला बाजूला सारून माझ्यासमोर बसली आणि हात थेट माझ्या मांडीवर ठेवला.

"आता मला भरा. आन् जरा जास्त लावा ते, माझी हाडं लई जाड हायती."