वरणातला खार

मामाजींचा हात माझ्या हातातून घसरला. उचला म्हटलं तर उचलेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळ बघितलं आणि मला विचारलं, “फार हळू चालली आहे. यांना खायला काय घालता?”

मामाजी म्हणजे माझे सासरे. साठ सालानंतरची गोष्ट. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राही. अकोल्याच्या डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी दिली आणि मीठ बंद केलं. आमचं दर्यापूरचं घर झणझणीत खाणारं. पहिल्याच दिवशी मामाजींनी ताट सरकवलं.

“सूनबाई, हे वरन हाय का पानी? ढोरं बी तोंड फिरवतीन.”

“ढोरायले डॉक्टर नसते, मामाजी.”

उन्हाळ्यात पापडांसाठी आम्ही केळीचं खोड वाळवून जाळायचो. राख पाण्यात भिजवून वरचं पाणी निथळून घेतलं की झाला खार. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, खार नाही, असं मी ठरवलं आणि वरणात चमचाभर घालू लागले. मामाजी जेवू लागले. वर्षभर काही बिघडलं नाही. ओसरीवर बसून ते वरण भुरकायचे, तो आवाज आतपर्यंत यायचा. तसं जेवणारं माणूस पुढे घरात झालं नाही.

मग सूज पुन्हा चढली. अमरावतीच्या डॉक्टरांनी जुनी बंद करून नवी गोळी दिली. सूज उतरली, पण पंधरा दिवसांत मामाजींचे पाय लुळे पडले. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून अमरावतीला आणलं.

खाराचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, “बाई, त्या खारात पोटॅशियम असतं. जुनी गोळी ते लघवीतून बाहेर टाकायची. ही अंगात राखून ठेवते. वरून तुम्ही रोज चारलंत. अशानं हृदय बंद पडतं.”

गोळी थांबवली. शिरेत इंजेक्शनं दिली. दोन दिवस आमचे हेच मामाजींना भरवायचे; मी दारात उभी.

तिसऱ्या दिवशी मामाजींनी हात उचलून मला बोलावलं.

“कावून उभी हाय तिथं? वरन आन.”

“मीठ नाही, खारही नाही त्यात.”

“मंग मरतोच मी.”

मेले नाहीत. खार बंद झाल्यावर डॉक्टरांनी तीच नवी गोळी निम्मी करून पुन्हा दिली. मामाजी आणखी चार वर्षं जगले.